तलवारीला वजन हवं : चार लाखांत जादू-तलवारीचा सिनेमा

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा : गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाजवळच्या गावात आठ-दहा जणांचा गट आहे, जमवाजमव करून चार लाख रुपये होतात, एक बरा मिररलेस कॅमेरा आहे. तलवारबाज, जादूगार आणि राक्षस असा दीड तासाचा सिनेमा करायचा आहे, पण ग्राफिक्सवाल्याने नुसत्या राक्षसाचे तीन लाख सांगितले. तर हे होईल का, आणि पैसा कुठे घालावा?

होईल. झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांचे पडदे रंगवत मी ह्या धंद्यात आलो आणि पुढे सिनेमांच्या कलाविभागात तलवारी, चिलखतं, राक्षस, पडके वाडे हेच करत राहिलो. हा प्रकार कमी पैशात बसण्यासारखाच आहे, कारण त्याला मुळात दहा हजारांचं सैन्य आणि दोन साम्राज्यांचं युद्ध लागत नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या स्वस्त मासिकांतून ह्या कथा वाढल्या, त्या एकेका माणसाच्या कथा होत्या. एक भटका तलवारबाज, एक शापित जागा, एक जादूगार. नायकाला वाचवायचा असतो तो स्वतःचा जीव, फार तर एखादं गाव. पाच पात्रं पुरतात. चार लाखांत पाच पात्रं नीट उभी राहतात, पन्नास राहत नाहीत.

असा सिनेमा पडद्यावर फसतो त्याचं कारण जवळपास दरवेळी एकच असतं : दिसणाऱ्या गोष्टींना वजन नसतं. तलवार हवेत भुर्रकन फिरते, राक्षस चालतो पण जमीन हलत नाही, जादूगार हात वर करतो, वीज पडते, आणि त्याला घामसुद्धा येत नाही. प्रेक्षकाला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण त्याचा विश्वास उडालेला असतो. म्हणून खर्चाच्या प्रत्येक बाबीला हा एकच प्रश्न विचारा : ह्याने वजन वाढतं का?

सुरुवात तलवारीपासून करू, कारण पडद्यावर सगळ्यात जास्त वेळ तीच असते. खऱ्या तलवारीबद्दल गैरसमज फार. एका हाताने चालवायची लढाऊ तलवार साधारण एक ते दीड किलोची. पाच-सहा किलोचं लोखंड घेऊन कोणी लढत नव्हतं. पण सव्वा किलो पोलाद तासभर फिरवलं तरी मनगट भरून येतं, खांदा उतरतो, श्वास लागतो, आणि कॅमेऱ्याला हवं असतं ते हेच. मारामारीच्या तलवारींसाठी ॲल्युमिनियमची ५ मिलिमीटर जाड, ४ सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या. तिचं ८० सेंटिमीटरचं पातं साधारण ४३० ग्रॅम भरतं. तेवढ्याच मापाचं पोलाद साडेबाराशे ग्रॅमच्या घरात जातं. म्हणजे पातं हातात हलकं लागणार, आणि नट ते हलकेपणाने फिरवणार. त्यावर उपाय मुठीत आहे. मुठीच्या टोकाशी लोखंडी किंवा पितळी गोळा बसवा, एखादा मोठा नटसुद्धा चालतो. तलवारीचा तोल मुठीपुढे चार बोटांवर आला पाहिजे. एकूण वजन आठशे-नऊशे ग्रॅमपर्यंत गेलं की हात आपोआप खरा चालायला लागतो.

मुठीबाबत एक गोष्ट अगदी कडक पाळा. पात्याचा मुठीत जाणारा भाग त्याच पट्टीतून कापलेला हवा, मुठीच्या शेवटापर्यंत गेलेला हवा आणि दोन आरपार रिव्हेटांनी बसवलेला हवा. वेल्डिंगने जोडलेलं पातं कधी ना कधी सांध्यात तुटतं आणि तुटताना उडतं. समोर कॅमेरामन असतो, त्याच्यामागे गावची पोरं बघत उभी असतात. पात्याच्या कडा पूर्ण गोल घासून घ्या, टोक रुपयाच्या नाण्याएवढं गोल ठेवा. ॲल्युमिनियम मऊ असल्याने दोन तलवारी भिडल्या की कडेला चरे पडतात आणि ते चरे हात कापतात. म्हणून दर शॉटनंतर एका माणसाने कानस घेऊन कडा फिरवायची. त्या माणसाला दुसरं काही काम देऊ नका.

नायकाची एक तलवार मात्र पोलादाची करा. ती लढण्यासाठी नको, जवळून दाखवण्यासाठी हवी. ट्रकच्या कमानीचा जुना पाटा भंगारात मिळतो, तो घेऊन गावच्या लोहाराकडे जा आणि भात्यासमोर बसून राहा. लाल झालेला पाटा ऐरणीवर येतो, घणाचा पहिला फटका बसतो, वरची काळी खपली निघून पडते आणि खाली करड्या रंगाचा खडबडीत पृष्ठभाग उघडा होतो. प्रत्येक घावाची एक उथळ वाटी उमटते, आणि तिरप्या उजेडात अशा शेकडो वाट्या चमकतात. पॉलिश करणाऱ्याच्या हातात ते पातं देऊ नका. फक्त कडेचा बोटभर भाग घासून उजळ करा, बाकी काळं राहू द्या. मुठीला कच्चं चामडं ओलं असताना गुंडाळा, सुकलं की ते स्वतःच आवळून बसतं. हे पातं दगडावर टेकवलेलं एकदा जवळून दाखवलंत की पुढे ॲल्युमिनियमच्या तलवारीलाही प्रेक्षक तेच वजन देतो. तिसरी प्रत रबराची किंवा फोमची : पडायला, घोड्यावरून फेकायला, अंगावर वार घ्यायला.

आकार कुठून घ्यायचा? शिंगाची शिरस्त्राणं आणि फुलपाखरी परज असलेल्या तलवारी कृपा करून आणू नका. आपल्या मातीत त्याहून जुनं आणि त्याहून गूढ सामान आहे. नागपूरजवळ जुनापाणीला लोहयुगातली शिलावर्तुळं आहेत, म्हणजे मोठ्या दगडांच्या कड्यांनी वेढलेल्या दफनाच्या जागा. माहुरझरीला अशाच दफनांत लोखंडी हत्यारं, मणी आणि घोड्याचं सामान मिळालं. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टी सापडली. लोखंड नुकतं हाती आलेले, घोडा पाळणारे आणि मेलेल्या माणसाभोवती दगडांचं रिंगण घालणारे लोक : तुमच्या सिनेमाचं जग इथे तयारच आहे. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात एक दिवस काढा आणि वही घेऊन जा. चंद्रपूरच्या वेशींवर हत्तीवर झेप घेतलेल्या सिंहाचं गोंड राजांचं चिन्ह कोरलेलं आहे, तेही बघून या. पण त्याची जशीच्या तशी नक्कल वापरू नका. ते आजही लोकांच्या अभिमानाचं चिन्ह आहे. त्यातली ताकद समजून घ्या आणि स्वतःचं काढा.

लढाई बसवायला मुंबईचा माणूस नको. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून चालू आहे, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये त्यांच्या चमूने भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. तिथे शिकलेले शारीरिक शिक्षणाचे शिक्षक विदर्भातल्या शाळांत आहेत. लाठी, लेझीम, दांडपट्टा जाणणारा एखादा गाठा. त्याला एवढंच समजावून सांगा की इथे वार लागायचा नाही, दिसायचा आहे. वाराचं लक्ष्य समोरच्याच्या अंगापासून वीतभर बाहेर ठेवायचं. चेहऱ्याच्या दिशेने भोसकायचं नाही, कधीच नाही. पाच-सहा वारांचा एक तुकडा बसवा, मग दोघांना थांबवा, श्वास घेऊ द्या, एकमेकांकडे बघू द्या. सलग तीस वारांची लढाई थोड्याच वेळात कंटाळवाणी होते. सहा वार, धाप, एकाचा पाय चिखलात घसरतो, पुन्हा चार वार, अशी लढाई माणसं श्वास रोखून बघतात. आधी बांबूच्या काठीवर तालीम, मग ॲल्युमिनियम, आणि शूटिंगला तालमीच्या वेगाच्या वर जायचं नाही.

कॅमेरा २५ फ्रेमवर ठेवा. एरवी शटर १/५०, लढाईला १/१००. हालचाल थोडी करकरीत होते आणि वार स्पष्ट दिसतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ह्या दोन्ही शटरवर साध्या दिव्यांखाली चित्र फडफडत नाही. २४ फ्रेमच्या मोहात पडू नका. तलवारीला स्लो मोशन लावू नका. ती मंद केली की हवेत तरंगायला लागते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

चिलखतांवर फार वेळ घालवत नाही. फोमच्या चटया, हीट गन आणि चांभार वापरतात ते सोल्युशन. वर पातळ फेविकॉलचे दोन हात, मग काळा रंग, मग जवळजवळ कोरड्या कुंचल्याने कडांवर चंदेरी. साखळीचं चिलखत जाड सुतळी विणून रंगवा, ही रंगभूमीची जुनी युक्ती कॅमेऱ्यासमोरही चालते. कपड्यांना कारखान्याचा रंग नको. पळसाची फुलं उकळून पिवळा-केशरी मिळतो, हिरडा आणि गंजकं लोखंड ह्यांपासून काळा. जादूगाराला किंवा राणीला मात्र खरा कोसा नेसवा, भंडारा आणि आरमोरीकडे मिळतो. त्याची जाड, किंचित खरखरीत चमक कुठल्याही सिंथेटिक कापडात नाही. फोमचं चिलखत उन्हात अंगावर भट्टीसारखं तापतं, सोल्युशनचे सांधे सुटतात आणि आतला माणूस चक्कर येऊन पडतो. एप्रिल-मेमध्ये ते दुपारी कोणाला घालायला लावू नका.

आता तुमचा तीन लाखांचा राक्षस.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. काळी मारबत, पिवळी मारबत आणि त्यांच्यासोबत बडगे. बांबूचा सांगाडा, वर कागद, कापड, रंग. माणसाच्या कितीतरी पट उंच आकृती गर्दीतून हलत, डुलत जाते आणि लहान पोरं खरोखर घाबरतात. एकोणिसाव्या शतकापासून हे चालू आहे. एवढी मोठी आकृती हलकी कशी ठेवायची, कुठे वाकवायची, कुठे दोरी बांधायची हे ज्या हातांना माहीत आहे, त्यांच्याकडे जा. चंद्रपूर-गडचिरोलीकडचे बुरूड बांबूच्या कामट्यांचा वळणदार सांगाडा असा बांधतात की मुंबईचा कारागीर बघत राहील. तुम्हाला पूर्ण राक्षस लागतच नाही. एक डोकं आणि खांदे, एक हात कोपरापासून पंजापर्यंत, आणि एक पाऊल, एवढे तीन तुकडे करा. डोक्याचा जबडा दोरीने हलावा, पापण्या मिटाव्यात. पापणी मिटली की तो जिवंत होतो, हे मी छातीठोक सांगतो. त्वचेसाठी जुनी बारदानं सोल्युशनमध्ये भिजवून चिकटवा, वर नदीची बारीक रेती, वर रंग. ओलं दिसायला हवं तिथे ग्लिसरीन.

बांबू हलका, म्हणून राक्षसही हलका दिसणार. इथे पुन्हा वजन आणावं लागतं. डोकं हलवणाऱ्या दोघांना सांगा की थांबताना एकदम थांबायचं नाही. जड वस्तू उशिरा सुरू होते आणि उशिरा थांबते. शॉट ५० फ्रेमवर घ्या आणि २५ वर चालवा. पावलाच्या शॉटला बांबूच्या पावलात रेतीची पोती भरा आणि ते खरंच वरून सोडा, खाली चाळलेली कोरडी माती पसरून ठेवा. आणि सगळ्यात स्वस्त, सगळ्यात परिणामकारक शॉट राक्षसाशिवायच होतो : कुडाचं घर, आत म्हातारी बसलेली, आढ्यावरून मातीचा एक झोत पडतो, घागरीतलं पाणी थरथरतं, पुन्हा झोत पडतो, बैल दावं ओढतात. घागरीला मागून बोटाने टिचकी मारायची, आढ्यावर एक पोरगं चाळणी घेऊन बसवायचं. असे तीन-चार शॉट आधी आले की मग राक्षसाचं डोकं दोन-तीन सेकंद दिसलं तरी पुरतं.

गडाचा बुरूज कोसळायचा असेल तर लहान प्रतिकृती करा. तिचं एक गणित आहे, ते पाठ करून ठेवा. प्रतिकृती मूळच्या जितक्या पट लहान, त्या आकड्याचं वर्गमूळ काढायचं आणि तितक्या पट फ्रेम वाढवायच्या. सोळापट लहान बुरूज असेल तर चौपट, म्हणजे १०० फ्रेम. आता साधा मोबाईलही तेवढं घेतो. तेव्हाच दगड मोठ्या दगडासारखे पडतात. माती मैद्याच्या चाळणीतून चाळा, कारण खडा मोठा दिसला की फसवणूक उघडी पडते. पाणी आणि आग मात्र लहान होत नाहीत. पाण्याचा थेंब तेवढाच राहतो, म्हणून छोट्या प्रतिकृतीत पूर दाखवू नका. लेन्स वाइड, ॲपर्चर एफ/११ च्या आसपास, भर उन्हात, म्हणजे पुढचं-मागचं सगळं स्पष्ट राहतं.

जादूचं तत्त्वही तेच. जादू करणाऱ्याला तिची किंमत मोजावी लागलेली दिसली पाहिजे. प्रत्येक वेळी जादूगाराचं नख काळं पडतं, केस पांढरे होतात, किंवा त्याला एक आठवण विसरायला होते, असा एखादा नियम ठरवा आणि तो शेवटपर्यंत मोडू नका. नियम कागदावर ठरतो, त्याला पैसा लागत नाही. दाखवायचं ते शक्यतो कॅमेऱ्यातच दाखवा. दादासाहेब फाळक्यांनी शंभर वर्षांपूर्वी चमत्कार केले ते कॅमेऱ्यातच, एकाच फिल्मवर दोनदा चित्र घेऊन. तलवार उडून हातात येताना दाखवायची असेल तर हातातून खेचून फेका आणि शॉट उलटा चालवा. भूत दाखवायचं असेल तर कॅमेऱ्यासमोर ४५ अंशात स्वच्छ काच उभी करा आणि बाजूला काळ्या कापडासमोर उजेडात माणूस उभा करा. त्याचं प्रतिबिंब समोरच्या दृश्यात पारदर्शक उभं राहतं, दिवा मंद केला की विरून जातं. समोरचा नट त्या भुताकडे खरोखर बघू शकत नाही, तेवढी नजरेची खूण जमिनीवर लावून द्या. लग्नाच्या डेकोरेशनवाल्यांकडे धुराचं मशीन भाड्याने मिळतं, वरातीच्या वेळचं ठिणग्यांच्या कारंज्याचं मशीनही मिळतं. त्याला थंड आग म्हणतात, पण त्या ठिणग्या धातूच्या जळत्या कणांच्या असतात. पऱ्हाट्या, तुराट्या, वाळलं गवत जवळ असेल तर ते मशीन पिशवीतून काढूच नका.

आपल्याच भागातली एक कथा बघा. खांडक्या बल्लाळशाह ह्या गोंड राजाला झरपट नदीच्या पाण्याने अंगावरचे फोड बरे झालेले कळले आणि मग त्याला कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा कुत्र्याच्या मागे धावताना दिसला, तिथेच पुढे चंद्रपूरचा कोट उभा राहिला, असं सांगतात. ससा कुत्र्याला पळवतो ह्याहून मोठा चमत्कार कुठल्या ग्राफिक्समध्ये आहे? जग उलटं चाललंय हे एका ओळीत कळतं. असल्या चमत्कारांवर डोकं चालवा.

जादूगाराबद्दल मला मनापासून एक गोष्ट सांगायची आहे. आपल्या जिल्ह्यांत जादूटोण्याच्या संशयावरून माणसांना मारहाण झाली आहे, जीव गेले आहेत. बहुतेक वेळा बळी पडतात ती म्हातारी, एकटी, गरीब माणसं. २०१३ मध्ये राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला तो उगाच नाही. काल्पनिक कथा सांगायला त्या कायद्याची आडकाठी नाही, पण तुमचा सिनेमा त्याच गावांत बघितला जाणार आहे. म्हणून तुमचा जादूगार गावातली म्हातारी नको, केस मोकळे सोडलेली बाई नको, आणि कुठल्याही आदिवासी पुजाऱ्याच्या वेशातला, त्यांच्या देवाची खूण अंगावर असलेला तर मुळीच नको. लिंबू, बाहुली, कुंकू ह्यातलं काही वापरू नका. त्याला लोखंडाचा जादूगार करा, दगडाच्या रिंगणाचा मालक करा, सत्ता असलेला माणूस करा. भीती सत्तेची वाटू द्या. सिनेमा त्याने चांगलाच होतो, आणि तुम्हाला रात्री झोपही लागते.

आवाज. निम्मं वजन कानातून येतं. ॲल्युमिनियमच्या तलवारी एकमेकींवर आपटल्या की टक्‌ असा बोदा आवाज येतो, तो सगळा काढून टाका. सब्बल, विळे, कोयते, टिकास, नांगराचा फाळ गोळा करा आणि रात्री, गाव झोपल्यावर, ते एकमेकांवर मारून रेकॉर्ड करा. एका वारासाठी तीन थर : वर विळ्याचा तीक्ष्ण, मध्ये कोयत्याचा, खाली सब्बल लाकडी ओंडक्यावर मारलेला. तो खालचा थर म्हणजे वजन. राक्षसाच्या आवाजाला म्हशीचं हंबरणं घ्या आणि त्याचा वेग निम्मा करा. संवाद सगळे नंतर डब करावे लागतील, कारण शेतात ट्रॅक्टर आणि गावात डीजे असतोच. त्यासाठी स्टुडिओचं भाडं भरू नका. कापूस वेचून झाला की लोक घरातल्या एका खोलीत भरून ठेवतात. कोणाची खोली दोन दिवस मागून घ्या. तीन बाजूंनी छातीएवढा कापूस असला की आवाज भिंतीवरून परत येतच नाही, इतकी शांत जागा भाड्यानेही मिळणं कठीण. आत दिवा मात्र एलईडीच ठेवा, वायर सैल नको, विडी-काडी दाराबाहेर.

संवाद झाडीबोलीत ठेवा. पौराणिक नाटकातली जड मराठी तुमच्या पोरांच्या तोंडी बसणार नाही, आणि ह्या जगातली माणसं इथलीच आहेत. वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालयं रांगेने आहेत, नट शोधायला लांब जायला नको. ह्याच रंगभूमीच्या परशुराम खुणे ह्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. रात्रभर मैदान धरून ठेवणारा नट जादूगार म्हणून घ्या, त्याचा भरलेला आवाज तिथे शोभतो. नायक मात्र नवखा, कमी बोलणारा घ्या.

जागा ठरवताना कागद आधी. गाविलगड आणि नरनाळा डोळ्यांत भरतात हे मान्य, पण दोन्ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत आणि दोन्ही मेळघाटच्या जंगलात, म्हणजे पुरातत्त्व आणि वनखातं अशा दोन्ही परवानग्या लागतात. तुमच्या बजेटात हा खटाटोप बसत नाही. गावाबाहेरची ओसाड झुडपी जंगलाची जमीनही मोकळी समजू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ती वनजमीनच मानली आहे. त्यापेक्षा खासगी जागा बघा. बंद पडलेल्या जिनिंगच्या जुन्या विटांच्या भिंती, दगडाची खाण, मालकाच्या परवानगीने वीटभट्टी. रात्री पेटलेली वीटभट्टी म्हणजे जादूगाराचा तयार वाडा, फटीफटीतून लाल उजेड येतो, एक दिवा लावावा लागत नाही. शेताच्या कडेला कांडोळाचं झाड असेल तर तिथे एक रात्र नक्की काढा. त्याचं पांढरं खोड मंद उजेडातही अंधारातून पुढे येतं, लोक उगाच त्याला भुताचं झाड म्हणत नाहीत.

तलवारी शस्त्र कायद्यात मोडतात. बोथट असल्या तरी लांबून तलवारच दिसते, आणि गडचिरोली जिल्ह्यात शस्त्रं घेतलेली माणसं शेता-जंगलात फिरताना दिसली तर काय होऊ शकतं हे तुम्हाला सांगायला नको. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या : तारखा, जागा, माणसांची नावं, प्रत्येक तलवारीचा फोटो. पोच घ्या आणि ती सेटवर ठेवा. तलवारी एका पेटीत कुलपात, मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या. घोडा लागला तर वरातीचा घ्या, तो बँड आणि गर्दीला सरावलेला असतो. पण कुठलंही जनावर कॅमेऱ्यासमोर आणण्याआधी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी लागते, नाहीतर सेन्सॉरला सिनेमा अडतो. दावं ओढणाऱ्या बैलांच्या शॉटलाही ती लागेल, त्यामुळे परवानगी वेळेत आली नाही तर नुसतं ताणलेलं दावं दाखवा. ड्रोन भाड्याने आणलात तर तो कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी नकाशा आधी बघा. जवाहरनगर, भद्रावतीसारख्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या आसपास तो उडवण्याचा विचारही नको.

राहिलं वेळापत्रक, आणि गावाकडच्या सिनेमाचा खरा जीव तिथेच असतो. पावसाळ्यात सामान तयार करा. सप्टेंबरअखेर, पाऊस उघडला की, हिरवळीतले आणि नाल्याकाठचे प्रवासाचे शॉट घ्या, दोन-तीनच माणसं लागतात. झाडीपट्टीच्या नटांचे शॉट दिवाळीच्या आत संपवा. दिवाळीनंतर त्यांचा हंगाम सुरू होतो, रात्रभर नाटक करून आलेल्या माणसाला सकाळी तलवार देणं धोक्याचं आहे. सोयाबीन आणि धानाच्या कापणीत गर्दीची माणसं मिळणार नाहीत, मागूही नका. मोठी लढाई जानेवारीत, धान कापून रिकाम्या झालेल्या बांध्यांमध्ये. सकाळी धुकं असतं, सूर्य तिरपा असतो, धुराचं मशीन लावायचीही गरज पडत नाही, आणि एक पीक घेणाऱ्या गावांत तेव्हा माणसंही थोडी मोकळी असतात. वीस जण पुरतात, बांधांच्या आडून पुन्हा पुन्हा तेच वर आणा. त्यांना मजुरीच्या दराने रोज द्या आणि दुपारचं जेवण गरम द्या. हा खर्च बजेटात सगळ्यात वर लिहा, कॅमेऱ्याच्या लेन्सच्याही वर.

राक्षस त्याआधी हातात हवा. मारबत आणि बडगे करणारे पोळ्याआधी महिनाभर मान वर काढत नाहीत, तेव्हा आखाड लागायच्या सुमारासच नागपूरला जाऊन बोलून या. डोक्याचं, हाताचं, पावलाचं माप कागदावर काढून द्या, आगाऊ पैसे द्या, आणि सांगाडा गणपती-महालक्ष्म्या उरकल्यावर बांधायला घ्या म्हणावं. टेम्पोत मावेल असा दोन भागांत खोलणारा मागा, वडशापर्यंत आणायचा आहे.